शाळेतील संगणक : लाभ व हानी



संगणक शाळेत येतो तेव्हा गावाला मोठे कौतुक वाटते. नारळ फुटतो, सरपंचांच्या हस्ते कळ दाबली जाते आणि महिन्या-दोन महिन्यांत यंत्रावर जाड कापडाचे आच्छादन पडते. ते धुळीपासून रक्षणासाठी असते हे खरे. परंतु पुष्कळदा ते निघतच नाही. म्हणून संगणक चांगला की वाईट, यापेक्षा तो कोणत्या वेळी व कोणत्या कामासाठी मुलांच्या हाती द्यावा, हा प्रश्न शिक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

या बाबतीत बडोदे शहराचा अनुभव उद्बोधक आहे. गुजरात सरकारने २००० साली तेथील बहुतेक महापालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. ते चालविणारे शिक्षक थोडे असल्याने दोन वर्षांनंतरही फारच थोड्या शाळांत त्यांचा उपयोग होत होता. पुढे ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तासांची योजना आखली. एका यंत्रापाशी दोन मुले बसत. एक तास शाळेच्या वेळात असे व दुसरा शाळेपूर्वी अथवा शाळेनंतर. मुलाच्या कुवतीप्रमाणे सोपे-अवघड होणारे गणिताचे खेळ त्यांना दिले जात. या मुलांची गणितातील प्रगती इतरांहून स्पष्टपणे अधिक दिसली. भाषेत मात्र फरक पडला नाही; आणि वर्षभराने पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा गणितातील लाभाचाही थोडाच अंश उरला होता.

त्याच सुमारास मुंबई व बडोदे येथे ‘बालसखी’ ही योजना चालू होती. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी मागे पडलेल्या सुमारे वीस मुलांना रोज दोन तास निराळे घेऊन बसे. तिच्यामुळे झालेली वाढ संगणकाइतकी नव्हती, परंतु खर्च त्याहून कितीतरी कमी होता. खर्चाच्या मानाने पाहता बालसखीच सरस ठरली. गुजरातमधीलच ज्ञानशालेच्या वर्गांत तर असे आढळले, की शिक्षकाच्या शिकविण्याचा वेळ काढून तो संगणकाला दिला असता मुले मागे पडली. शाळा सुटल्यावर जादा वेळ म्हणून दिला असता काही लाभ झाला. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने खेड्यापाड्यांतील मुलांना प्रत्येकी एक छोटा संगणक दिला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत गणित व भाषा या विषयांत त्याचा परिणाम दिसला नाही.

आता भाषेच्या तासाकडे वळू. इन्स्क्रिप्ट कळफलकावर मुलाने ‘पुस्तक’ हा शब्द उमटविला, तर त्याला स, हलन्ताचे चिन्ह व त अशा तीन कळा क्रमाने दाबाव्या लागतात. जोडाक्षर कशाचे बनले आहे, हे फळ्यावर दहा वेळा सांगून न कळलेले मूल येथे बोटांनी शिकते. पाटीवर ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढणाऱ्या मुलाला येथे क आधी दाबावा लागतो, याचे नवल वाटते. ते नवल शिक्षकाने अवश्य उपयोगात आणावे. उलट, रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची सवय लागली, तर ‘न’ व ‘ण’ यांचा निर्णय यंत्राने पुढे केलेल्या शब्दांवर सोपविला जातो. ऱ्हस्व-दीर्घाचेही तेच. शुद्धलेखन कच्चे असलेल्या मुलाचा यात तोटाच आहे.

हस्ताक्षराची चिंता पालक करतात, ती अनाठायी नाही. पहिली-दुसरीच्या मुलाची बोटे पेन्सिलीवरच घडली पाहिजेत.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. चाळीस मुले व एक यंत्र असले, की धीट मुलगा पुढे सरसावतो, माऊस हाती घेतो आणि मागे उभी राहिलेली मुलगी वर्षभर नुसते पाहते. हजेरीपुस्तकात दोघेही संगणकाच्या तासाला उपस्थित असतात! यासाठी हजेरीच्या क्रमाने दोन-दोन मुलांच्या पाळ्या लावाव्यात, पाळीचा कागद यंत्राशेजारी भिंतीवर चिकटवावा व दहा मिनिटे झाली की जागा बदलण्याची घंटा वर्गातील मुलांकडेच द्यावी. वीज गेल्यास ज्यांची पाळी बुडाली, त्यांची नावे दुसऱ्या दिवशी सर्वांत आधी घ्यावीत.