पाणथळ कोपऱ्यात वेखंड



बाळगुटीत उगाळायचं, गरम कपड्यांच्या घडीत ठेवायचं वेखंड आपण दुकानातून आणतो. वर्धा जिल्ह्यात तुमच्याकडे शेततळ्याचा काठ किंवा विहिरीजवळची चिबड जमीन असेल, तर ते घरीच लावता येईल.

जून-जुलैमध्ये डोळे फुटलेले कंदाचे तुकडे घ्या. चिखल करून 30 सेंटिमीटर अंतरावर, साधारण 4 सेंटिमीटर खोल लावा. पाणी धरून ठेवणारी आपली काळी माती इथे कामाची. सुरुवातीला 5 आणि पुढे 10 सेंटिमीटर पाणी राहू द्या. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा वाफा कोरडा पडू देऊ नका.

तलवारीसारखी पानं वर्षभरात पिवळी पडू लागली, की कंद खणा. बारीक मुळ्या काढा, तुकडे करा आणि सावलीत वाळवा. गटाराच्या पाण्यावरचा कंद मात्र औषधाला नको.

आणि एक कळकळीची विनंती. वेखंडातला बीटा-ॲसारोन हा घटक जास्त प्रमाणात घातक ठरतो. अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांतल्या वेखंडावर बंदी घातली. म्हणून डॉक्टर किंवा वैद्यांना विचारल्याशिवाय बाळाला ते चाटवू नका.