मुखवटा प्रेक्षकाच्या तोंडावर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कुणीतरी प्रवासाच्या गोष्टी सांगते. यंदा ती पाळी माझ्यावर आली. नायगाराचे वर्णन आपण पुष्कळ ऐकले आहे. म्हणून मी न्यूयॉर्कला पाहिलेल्या एका नाटकाविषयी बोलणार आहे. 'पाहिलेल्या' म्हणते खरी, पण त्यातले निम्मेअधिक पाहायचे राहूनच गेले!

२०१९ साली मी मुलीकडे गेले होते. तिने 'स्लीप नो मोअर'ची तिकिटे काढली. पंचड्रंक या इंग्लंडमधील नाटकमंडळीचे हे नाटक न्यूयॉर्कला २०११ पासून जानेवारी २०२५ पर्यंत चालले. कथा शेक्सपिअरच्या मॅकबेथची. शिरवाडकरांच्या 'राजमुकुट'मुळे ती आपल्याला परकी नाही. परंतु येथे ना रंगमंच, ना पडदा, ना खुर्च्या! जुन्या गोदामांत मजल्यामजल्यांवर शयनगृहे, दुकाने, स्मशान, इस्पितळ असे सारे उभारलेले. प्रत्येक प्रेक्षकाला पांढरा मुखवटा देत आणि बजावत की, तो काढायचा नाही आणि अवाक्षर बोलायचे नाही. मग तास-दोन तास, तीन तास हवे तिकडे हिंडायचे. नटही जवळजवळ बोलत नसत; नृत्यातून आणि हालचालींतून सारे सांगत.

लिफ्टमध्येच फजिती झाली. लिफ्टवाल्याने मुलीला एका मजल्यावर उतरवले आणि माझ्यापुढे दार ओढून घेतले. सोबतीच्या माणसांना वेगळे करायचे, हीच तिथली रीत होती! चष्म्यावर मुखवटा, अंधारातले जिने आणि माझे गुडघे. पहिला अर्धा तास मी देवाचे नाव घेण्यातच घालवला.

पुढे एका खोलीत मॅकबेथ रक्ताळलेला आला. बायकोने त्याला टबात बसवून धुतले. नंतर इस्पितळाच्या मजल्यावर तीच बाई टबात बसून स्वतःचे अंग घासताना दिसली. तिची ती तडफड मी हातभर अंतरावरून पाहिली. सभोवार पंधरा-वीस पांढरे मुखवटे, सारे निश्चल. मला गलबलून आले, आणि त्याच वेळी मी टाचा उंचावून अधिक नीट पाहू लागले! मुखवट्याआड कुणी आपल्याला ओळखत नाही, म्हणून लाजही वाटत नाही.

भगिनींनो, तेव्हा मला आमची जुनी चाळ आठवली. शेजारच्या बिऱ्हाडातून रात्री भांडी आपटल्याचे आणि रडण्याचे आवाज येत. आम्ही साऱ्याजणी कठड्याशी जमत असू. कुणी कडी वाजवली नाही. आवाज थांबला की आपापल्या घरात जात असू. सकाळी नळावर ती भेटे, तेव्हाही आम्ही पाण्याविषयीच बोलत असू. त्या कठड्याशी मीही होते. आमच्याही तोंडावर मुखवटेच होते, फक्त कुणी दिलेले नव्हते.

असाच मांडणी मोडणारा एक प्रयोग मी कॉलेजात असताना दादरच्या छबिलदासमध्ये पाहिला होता. बादल सरकारांच्या 'मिछिल' या बंगाली नाटकाचा मराठी अवतार 'जुलूस', अमोल पालेकरांनी बसवलेला. तेथेही रंगमंच नव्हता. नट आमच्यामधूनच वावरत. पण त्या नाटकाचा शेवट निराळा आहे. नट प्रेक्षकांचे हात धरून त्यांना आपल्या मिरवणुकीत घेतात. एका नाटकात माणूस गर्दीतही एकटा पडतो, तर दुसऱ्यात अनोळखी माणसाचा हात हाती येतो. दोन्ही नाटके मला मोलाची वाटतात. पहिल्याने मी कशी आहे ते दाखवले. दुसऱ्याने काय करता येते ते.

बाहेर आल्यावर मुलगी भेटली. तिला एका नटीने हात धरून खोलीत नेले होते, दार लावून मुखवटा उतरवला होता आणि कानात काहीतरी सांगितले होते. तिने पाहिलेले मी पाहिले नव्हते, मी पाहिलेले तिने. घरी येईपर्यंत आम्ही दोघी तुकडे जुळवीत होतो. चाळीची हकीकत मी तिला त्याच रात्री प्रथम सांगितली. ती एवढेच म्हणाली, "आई, त्या बाईंचे नाव काय होते?" मला नाव आठवेना.

तेव्हापासून मनाशी एक ठरवले आहे. शेजारी आवाज आला, तर निदान कडी वाजवायची. काही नाही तर वाटीभर साखर मागायची. आपणही वाजवाल ना?