घर कुठं मांडायचं?

(दांपत्यांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय ‘सेवेतलं कुटुंब’ असा आहे. मी मात्र घराविषयी बोलणार आहे, कारण मला अलीकडे येणाऱ्या फोनपैकी बरेच जागेसाठी असतात. “ताई, तुम्ही मेळघाटात फिरता. रिटायर झाल्यावर आम्हा दोघांनाच राहायचंय. सेमाडोहकडे एखादा तुकडा बघा ना. कवेलूचं लहानसं घर, पुढं ओसरी, चार फळझाडं.” इच्छा वाईट नाही. अकोल्याचा मे महिना ज्यानं काढला, त्याला डोंगर आठवणारच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला कलेक्टरच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. जमीन महसूल संहितेचं कलम 36-अ त्यासाठीच आहे. “मग आपल्या गड्याच्या नावावर घेऊ,” असं एका भावानं मला सांगितलं. तो गडी कोरकू. त्याच्या नावाच्या सातबाऱ्यावर घर आपलं, आणि तो आपल्याच फाटकाशी राखणदार! असल्या कामात मी कुणाला मदत करणार नाही.

आता ज्यांनी खरोखर मेळघाटात घर मांडलं, त्या जोडप्याकडे वळू. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे, धारणी तालुक्यातलं बैरागड. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली, तेव्हा तुम्ही पेपरात वाचलंच असेल. ते आपल्या मंडळीतले नाहीत, गांधी-विनोबांच्या वाटेनं गेलेली माणसं आहेत. पण गावात राहायला जायचं म्हणजे काय करायचं, हे मला त्यांच्याकडून जितकं कळलं तितकं दुसरीकडे कळलं नाही.

रवींद्र मूळचे शेगावचे, नागपूरला डॉक्टर झाले. खेड्यात जायचं ठरल्यावर त्यांनी आधी स्वतःला काय येत नाही ते पाहिलं. सोयी नसताना बाळंतपण कसं करायचं, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया कसा ओळखायचा, हगवणीचं मूल कसं वाचवायचं, एवढं शिकायला ते मुंबईत सहा महिने राहिले. मग बैरागड. तिथं गेल्यावरही काही रोग्यांपुढं आपलं ज्ञान तोकडं पडतं हे दिसलं, म्हणून परत येऊन 1987 मध्ये एम.डी. केलं. आपण जागा बघायला जातो तेव्हा बोअरला पाणी किती, मोबाइलला रेंज आहे का, हे विचारतो. त्यांनी गावाला काय लागतं ते विचारलं आणि त्याप्रमाणे स्वतःला तयार केलं.

त्यांनी लग्नाला घातलेल्या अटी प्रसिद्धच आहेत. 40 किलोमीटर चालायची तयारी हवी, कारण बैरागडला तेव्हा तसंच जावं लागे. लग्न पाच रुपयांत, कोर्टात. संसार महिन्याच्या 400 रुपयांत. आणि वेळ आली तर दुसऱ्यासाठी भीक मागायची. बऱ्याच मुलींनी नकार दिला. नागपुरात प्रॅक्टिस चालू असलेल्या स्मिताताई हो म्हणाल्या. 1988 ला लग्न झालं. (आमच्या मंडळीतल्या लग्नाच्या बैठकीत या अटी वाचून दाखवाव्यात असं मला फार वाटतं.)

पण राहायला गेलं की घर आपलं होत नाही. बायकांच्या हक्काचं बोलणाऱ्या या बाईला गावानं सुरुवातीला जवळ केलं नाही. पुढं त्यांचं बाळंतपण घरीच, नवऱ्याच्या हातून झालं आणि बाळ फार आजारी पडलं. न्यूमोनिया, मेंदूज्वर, रक्तात जंतुदोष. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. डॉक्टरांनी निर्णय बायकोवर सोडला. गावातल्या इतर लेकरांना जे उपचार मिळतात तेच माझ्याही बाळाला, असं स्मिताताईंनी ठरवलं आणि त्या तिथंच थांबल्या. बाळ वाचलं. त्यानंतर गावानं त्यांना आपलं म्हटलं. आई म्हणून मला हा निर्णय आजही पेलत नाही. मी बाळाला उचलून अकोल्याची वाट धरली असती. पण त्या घराचा पाया कुठं घातला गेला, हे मला त्या प्रसंगात दिसतं.

पुढं राज्याचे बांधकाम मंत्री त्यांच्याकडे आले, घराची अवस्था पाहिली आणि चांगलं घर बांधून द्यायला तयार झाले. स्मिताताईंनी घराऐवजी रस्ते मागितले.

याच डोंगरातून उलट्या दिशेनंही जोडपी चालली आहेत. व्याघ्र प्रकल्पातली कोरकूंची काही गावं उठवून खाली अकोला जिल्ह्यात, अकोट आणि तेल्हारा तालुक्यांत बसवली. 2008 च्या योजनेत दर कुटुंबाला 10 लाख रुपये धरले होते. रक्कम ऐकायला मोठी वाटते. कोरकू गावात घरं समोरासमोर दोन ओळींत असतात, कुडाच्या मातीनं लिंपलेल्या भिंती, मध्ये रुंद वाट. संध्याकाळी सगळं गाव त्या वाटेवर दिसतं. शिवाय मोह, तेंदू, डिंक, मासळी ही जंगलातली कमाई. खाली काळ्या मातीच्या मुलखात हे कुठून आणणार? काही कुटुंबं परत जंगलात गेली, आणि 2019 च्या जानेवारीत गावकरी आणि वनखात्यात मोठी झटापट झाली. दोन्हीकडची माणसं जखमी झाली.

वाघ जगावा असं मलाही वाटतं. पण ज्या ओसरीवरून कोरकू नवरा-बायकोला उठावं लागलं, तिच्याच शेजारी आपण सुट्टीची ओसरी शोधतो, हे मला गिळवत नाही.

ज्यांना तरीही मेळघाटात राहायचं आहे, त्यांच्यासाठी एवढंच. जागा बघायला हिवाळ्यात येऊ नका, तेव्हा सगळंच छान दिसतं. जुलैत या, दोघंही, आठ दिवस. नाले भरतात, रस्ते तुटतात, घरातलं धान्य संपत आलेलं असतं आणि लेकरं आजारी पडतात. आमच्या कार्यकर्त्यांबरोबर वस्त्यांवर फिरा, बाळांची वजनं घ्यायला मदत करा. नर्स असाल, शिक्षक असाल, मोटार दुरुस्त करता येत असेल, तर ते आल्याबरोबर सांगा. नावं आजच जेवणाआधी माझ्याकडे द्यावीत. मुक्कामाची सोय होईल, अंथरूण-पांघरूण आणि टॉर्च मात्र आपापला आणावा.