न कापता पाहण्याची विद्या



 इथून, वर्ध्याहून, आठ किलोमीटरवर सेवाग्राम आश्रम आहे. तिथले १९४० सालचे एक छायाचित्र आपण पाहिले असेल. गांधीजी सूक्ष्मदर्शकावर वाकून कुष्ठरोगाचे जंतू पाहत आहेत. कुष्ठरोगी परचुरेशास्त्रींना त्यांनी आश्रमात ठेवून घेतले होते आणि त्यांची शुश्रूषा स्वतः केली होती. ज्याची सेवा करायची, त्याचा आजार आपल्या डोळ्यांनी पाहायचा, ही इथली रीत आहे. सूक्ष्मदर्शकावरच्या परिषदेला याहून योग्य गाव मला तरी ठाऊक नाही.

मी पेशाने पॅथॉलॉजिस्ट. आमच्याकडे सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा करतात. विशी-बाविशीतली पोरे तो दिवसभर गालात धरून असतात. काही वर्षांत गालाचे अस्तर पांढुरके आणि ताठ होते, तोंडात दोन बोटेही शिरेनाशी होतात. अस्तराखाली कोलॅजनचे धागे साचत गेलेले असतात. यातल्या काहींना पुढे कर्करोग होतो. निदानासाठी गालाचा तुकडा काढायचा, फॉर्मलिनमध्ये ठेवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, मायक्रोटोमवर चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, मग रंगवायचे. एवढे करून तो एकाच जागेचा, एकाच दिवसाचा दाखला. न उघडणाऱ्या तोंडातून पुन्हा तुकडा घ्या, असे सांगताना आजही माझी जीभ अडखळते.

म्हणून आपल्या विषयाकडे, न कापता आत पाहणाऱ्या दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शकाकडे, मी फार आशेने पाहतो. दोन फोटॉन एकाच वेळी शोषले जाऊ शकतात, हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ साली मांडले. त्यावर सूक्ष्मदर्शक उभा राहायला १९९० उजाडले. कॉर्नेल विद्यापीठात डेंक, स्ट्रिकलर आणि वेब यांनी तो केला. त्याच वेब यांच्याबरोबर काम केलेल्या सुदीप्त मैती यांनी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या तंत्राची प्रयोगशाळा चालवली. या सूक्ष्मदर्शकातल्या लेसरचे स्पंद शंभरेक फेम्टोसेकंदांचे. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम तीस मायक्रॉन चालतो, केसाच्या जाडीहूनही कमी. सगळी ऊर्जा इतक्या क्षणात कोंबली, की केंद्रबिंदूवरच दोन फोटॉनांची गाठ पडते. वर-खाली काही उजळत नाही. कोलॅजनला तर रंगवावेही लागत नाही, ते स्वतःच दुप्पट वारंवारतेचा प्रकाश देते.

ऊतीत किती खोलवर पाहायचे ते बदलायचे तर एरवी भिंग वर-खाली करावे लागते. त्याला वेळ लागतो, आणि जिवंत ऊती हलण्याची भीती असते. २००५ नंतर पुढे आलेली युक्ती मला फार भावते. स्पंदातले रंग विवर्तन-जाळीने वेगळे करायचे आणि भिंगाने पुन्हा एकत्र आणायचे. वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पालख्या वाखरीला भेटतात, तसे. जिथे सगळे रंग एकाच क्षणी पोचतात, तिथेच स्पंद आखूड आणि प्रखर होतो. आता कोणता रंग आधी सोडायचा आणि कोणता मागून, हे बदलले की भेटीची जागाच वर किंवा खाली सरकते. भिंगाला हात न लावता आपण खोलीत उतरतो.

हे लेसर आज महाग आहेत. ते चालवायला गार, निर्धूळ खोली आणि जाणता माणूस लागतो. आमच्या जिल्हा रुग्णालयाच्या टेबलावर असे यंत्र यायचे, तर ते स्वस्त, दणकट आणि वीज गेली तरी न बिघडणारे हवे. ते काम आपणच करू शकता. तेव्हा एक विनंती आहे. उद्याच्या सत्राआधी सकाळी नऊ वाजता मी तोंडाच्या तपासणीच्या ओपीडीत असेन. ज्यांना जमेल त्यांनी माझ्याबरोबर या, रांगेतल्या पोरांशी दोन शब्द बोला, आणि मग आपापल्या प्रयोगशाळेत परत जा.