पत्र्याची केबिन
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला विषय दिला आहे 'सैन्यातील अनुभव'. सैन्य म्हटलं की लोकांना गोळीबार ऐकायचा असतो. पण माझी नोकरी झाली आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, ड्रायव्हर म्हणून. माझ्या हातात बंदुकीपेक्षा स्टिअरिंग जास्त वेळ होतं. म्हणून मी गाडीबद्दलच बोलणार आहे, आणि शेवटी एक चूक कबूल करणार आहे.

गाड्यांचं वेड मला इथंच, अंकुशनगरात लागलं. हंगाम सुरू झाला, कारखान्याचा भोंगा वाजला की आपण दप्तर पाठीला लावून उसाच्या ट्रकमागं पळायचो. ऊस ओढताना ज्यांनी गुडघे फोडून घेतले, ते तिघं-चौघं आज पहिल्या रांगेत बसले आहेत. नावं घेत नाही, नातवंडं सोबत आहेत.

फौजेत मला मिळाली शक्तिमान. ही मूळची जर्मनीच्या मान कंपनीची गाडी. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या काळात, १९५९ मध्ये, जबलपूरच्या कारखान्यात ती परवान्यावर बनायला लागली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. चारही चाकांना ताकद. चिखल असो, नदीचं पात्र असो, ती निघायचीच. पण आत काय होतं? पत्रा. समोर पत्रा, दाराला पत्रा, पायाखाली पत्रा. गादी म्हणजे नावाला. पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळं घाटातलं वळण घेताना खांदे भरून यायचे. गिअर बदलायला डबल क्लच. इंजिनाचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. आज तुम्ही मला हाक मारता आणि मी वळून बघत नाही, तो गर्व नाही बाबांनो, ती शक्तिमानची देणगी आहे.

मागं बसणाऱ्या जवानांचे हाल वेगळे. दोन्ही बाजूंना लांब बाकडी, वर ताडपत्री. उन्हाळ्यात मागून धूळ आत ओढली जायची, हिवाळ्यात वारा.

असं का, हे मला आमच्या उस्तादांनी शिकवलं. गाडीत जेवढ्या वस्तू जास्त, तेवढ्या बिघडणार जास्त. आडरानात बंद पडलेली गाडी दोन पान्यांनी उघडली पाहिजे. चिखल झाला तर आतून पाणी मारून धुता आली पाहिजे. आणि युद्धात गाड्या हजारोंनी लागतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या जीएमसी कंपनीनं एका प्रकारचे ट्रक पाच लाखांवर बनवले. पोलाद वाचावं आणि जहाजात जागा कमी लागावी म्हणून पुढं त्यांच्या केबिनचं छतसुद्धा कापडी केलं. त्याच युद्धात कॅनडात बनलेले ट्रक आपल्या सैन्याकडं आले. त्यांच्या केबिनमध्ये इंजिन दोन माणसांच्या मधोमध घुसलेलं. पाय ठेवायला जागा नाही, आणि आपल्याकडच्या उन्हात ती भट्टीच. म्हणजे आमचे हाल काही नवीन नव्हते.

आम्ही जुगाड करायचो. पायाखाली पोतं, पाठीला घोंगडी. पावसात काच दिसेना झाली की तंबाखूची पुडी काचेवर चोळायची. मी तंबाखू बाळगायचो ती फक्त त्यासाठी, असं मी आमच्या घरात आजही सांगतो.

एकदा सोनमर्गहून जोजिला चढत होतो. साडेअकरा हजार फुटांची खिंड. आमच्या जुन्या गाडीत हीटर नव्हता. हातमोज्यातही बोटं कळेनाशी झाली. पुढं दरड आली म्हणून ताफा थांबला, तो चार तास. इंजिन बंद केलं तर थंडीनं परत चालू होईल याचा भरवसा नाही, म्हणून ते चालूच. ती रात्र मी अभिमानानं शंभर वेळा सांगितली आहे.

चूक तिथंच झाली.

माझा पुतण्या उसाचा ट्रक चालवतो. तीन वर्षांमागं तो म्हणाला, "काका, केबिनमध्ये फार उकडतं. मालक तुमच्या ओळखीचे आहेत, एक पंखा बसवायला सांगा ना." मी हसलो. म्हणालो, "अरे, आम्ही शक्तिमान चालवली. तुला पंखा पाहिजे?" तो गप्प बसला. त्याच मार्चमध्ये, एका यार्डात दोन रात्री रांगेत काढून, रिकामी गाडी घेऊन परत येताना त्याला डुलकी लागली. गाडी रस्ता सोडून चारीत गेली. दुसऱ्या कुणाला लागलं नाही, हे देवाचे उपकार. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. दवाखान्यात तो एवढंच म्हणाला, "काका, झोप लागली."

त्या रात्री मला कळलं की मी त्याला अर्धीच गोष्ट सांगितली होती. शक्तिमानमध्ये आराम नव्हता, पण आमच्याभोवती व्यवस्था होती. ताफा ठरल्या ठिकाणी थांबायचा. लांबच्या वाटेला शेजारी दुसरा ड्रायव्हर असायचा. मागून मेकॅनिकची गाडी यायची. रात्री ट्रान्झिट कॅम्पात बुखारी पेटलेली, गरम डाळ आणि झोपायला जागा. जोजिलाच्या त्या रात्रीही दोन तासांनी माझ्या जोडीदारानं स्टिअरिंग घेतलं होतं. तो भाग मी कधी सांगत नव्हतो, कारण त्यात माझी मर्दुमकी नव्हती.

पत्र्याची केबिन मी सोसली. पण माझ्या पुतण्याला पत्र्याची केबिनही होती आणि वर जागरणही होतं. सोसणं हा गुण आहे, पण तो दुसऱ्यावर लादायचा नसतो.

आता सरकारनं नियम केला आहे की २०२५ पासून बनणाऱ्या नव्या मोठ्या ट्रकांत ड्रायव्हरची केबिन वातानुकूलित हवी. चांगलं झालं. पण वडीगोद्री, शहागडच्या रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाड्या अजून बरीच वर्षं धावणार आहेत. या मंडपात गाड्यांचे मालक आहेत, बागायतदार आहेत, कारखान्यात काम केलेले आहेत. तुम्हाला माझी एकच विनंती. गाडीत एक पंखा, एक बरी गादी बसवा. जो रात्रभर रांगेत उभा होता, त्याला त्याच पायी परत खेपेला पाठवू नका. यार्डात पाठ टेकायला सावली आणि प्यायला पाणी राहील एवढं बघा. लाखोंच्या गाडीपुढं हा खर्च काहीच नाही.

माझा पुतण्या आज इथं आला आहे, शेवटच्या रांगेत बसला आहे. थोडा लंगडतो, पण गाडी परत चालवतो. पंखा यंदा मी स्वतः बसवून दिला. त्याला हसलो होतो, त्याची माफी घरात मागितली होती. आज तुम्हा सगळ्यांसमोर मागतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.