जुन्या भिंतीचे दुखणे



वसईचा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. कोणी शाळेच्या सहलीबरोबर गेले असतील, कोणी किल्लाबंदरला सोयऱ्यांकडे जाताना वाटेत उतरले असतील. छप्पर नसलेल्या चर्चच्या उंच भिंती, आणि त्यांच्या सांध्यांतून डोके काढणारे पिंपळ नि उंबर हे दृश्य तिथे सगळीकडे दिसते. माझे विद्यार्थी मला दरवर्षी विचारतात, "सर, एवढा सिमेंटचा जमाना आहे, मग सरकार हे सगळे पुन्हा नवे का बांधून काढत नाही?" प्रश्न सरळ आहे. पण त्याचे उत्तर मला एका चुकीतून मिळाले, आणि ती चूक माझी स्वतःची होती. तीच आधी सांगतो.

आमचे वडिलोपार्जित घर दगडी जोत्याचे. भिंती दगड, वीट आणि चुना यांच्या. पावसाळ्यात थोडी ओल येई, म्हणून मी हट्टाने खालपासून कमरेपर्यंत सिमेंटचा जाड गिलावा करून घेतला. काम करणारे म्हातारे गवंडी म्हणाले, "सर, ही भिंत चुन्याची आहे. सिमेंट तिला मानवायचे नाही." मी ऐकले नाही. शिकलेला माणूस ना मी! तीन पावसाळे गेले आणि ओल कमरेवरून खांद्यापर्यंत चढली. भिंतीला लोणा लागला. शेवटी गिलाव्याचा एक मोठा पापुद्रा सुटला, तो आतल्या विटांची तोंडे बरोबर घेऊनच पडला. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी ते तुकडे गोळा करून ओट्याच्या कडेला नीट रचून ठेवले, बस्स.

असे का झाले? जमिनीतले पाणी भिंतीत चढतच असते. चुना सच्छिद्र असतो, त्यामुळे ते पाणी बाहेर येऊन वाळते. सिमेंट कठीण आणि दाट. ते पाण्याची वाट अडवते. मग पाणी वर चढते, त्यातले मीठ दगड-विटांच्या आत साचते, आणि वाळताना त्यांना आतून फोडते. समुद्राकाठच्या आपल्या मुलखात तर हवेतही मीठ असते. दुसरे असे की, चुना मऊ असल्यामुळे इमारत थोडी हलली तर तडा सांध्यात जातो. सिमेंट मात्र दगडालाच तडकवते. सांधा पुन्हा भरता येतो, घडीव दगड पुन्हा कुठून आणायचा?

आता किल्ल्याकडे वळू. 1534 च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना दिली. त्यांनी इथे तटाच्या आत एक अख्खे शहर वसवले. 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून तट फोडला आणि किल्ला घेतला. पुढे 1802 साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईलाच. आज हा किल्ला राष्ट्रीय महत्त्वाचे संरक्षित स्मारक असून तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यात आहे.

अशा इमारतीची जाड भिंत कशी असते, ते समजून घ्या. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर आणि मध्ये खडी-चुन्याची भर. वरचे छप्पर गेले की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरते आणि मधला चुना धुऊन नेते. आत पोकळी होते, दोन्ही थर सुटे होतात आणि भिंतीला पोट येते. वरून भिंत धड दिसते, पण ती आतून पोकळ झालेली असते.

तिला बळकट करायची रीत अशी. आधी झाडे काढायची, पण ओढून नव्हे. मूळ ओढले की दगडही येतो. झाड कापून मूळ जागीच मारावे लागते. मग चुन्याची पातळ रबडी खालून वर, टप्प्याटप्प्याने, हलक्या दाबाने पोकळीत भरायची. दोन्ही थर जोडायला आरपार लांब दगड घालायचे. लोखंडी सळई घालण्याचा मोह टाळायचा, कारण लोखंड गंजले की फुगते आणि दगड फोडते. घालायचीच असेल, तर न गंजणाऱ्या पोलादाची. शेवटी भिंतीच्या माथ्यावर चुन्याच्या काँक्रीटचा उतरता थर द्यायचा, म्हणजे पाणी आत न जाता वाहून जाते. चुनाही नुसता नसतो. त्यात विटांची भुकटी, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी घालतात.

बरे, घाईची दुरुस्ती किती महाग पडते पाहा. वसईचा काळा दगड एके काळी गोव्यापर्यंत जाई. जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात तो आहे. ते चर्च 1594 ते 1605 या काळात बांधले गेले. बाकीच्या भिंती जांभ्याच्या, आणि त्यांवर चुन्याचा गिलावा होता. 1950 च्या दशकात, इमारत जुनी दिसावी म्हणून तो गिलावा खरवडून काढला. जांभा मऊ, त्यावर गोव्याचा पाऊस. तेव्हापासून तो दगड झिजतोच आहे. गिलावा ही त्या भिंतीची शोभा नव्हती, ती तिची घोंगडी होती.

म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो: पडू द्यायचे नाही, पण नवेही करायचे नाही. जिथे पुराव्याऐवजी अंदाज सुरू होतो, तिथे डागडुजी थांबली पाहिजे, हे तत्त्व 1964 च्या व्हेनिसच्या सनदेत जगाने मान्य केले आहे. सुरुंगाने फुटलेला तट आपण गुळगुळीत बांधून काढला, तर मराठ्यांच्या पराक्रमाचा पुरावा आपणच बुजवू. आणि चर्चची भिंत परक्याची म्हणून पडू दिली, तर तिचे दगड घडवणाऱ्या आपल्याच पाथरवटांचे काम मातीत जाईल. वसईचे गोन्सालो गार्सिया हे 1862 साली संत म्हणून जाहीर झाले. त्यांच्या नावाच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये आजही भाविक जमतात. हा किल्ला दोघांचाही आहे.

आपण काय करावे? संरक्षित वास्तूला स्वतः हात लावू नये, हौसेने रंगही देऊ नये. कायद्याने तिच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे, आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. पण गावातले जुने देऊळ, दगडी विहीर, शाळेची जुनी इमारत यांचे काय? ती आपल्याच हातात आहेत. शिक्षकांना एक सुचवतो. शाळेच्या भिंतीला भेग असेल, तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग वाढते आहे, जाणकाराला बोलवा, आणि तोपर्यंत मुलांना तिथे बसवू नका. अखंड राहिली तर निदान घाबरून भिंत पाडायचे कारण नाही. मुलांना यातून विज्ञानही कळेल आणि इतिहासही.

आमच्या घराची भिंत आता पुन्हा चुन्याची आहे. सिमेंट उकरायला, ते लावण्यापेक्षा दुप्पट दिवस लागले. वडिलांनी रचून ठेवलेल्या विटांपैकी ज्या धड होत्या, त्या त्याच गवंडीबाबांनी परत जागेवर बसवल्या. या वेळी मी फक्त पाणी आणून देण्याचे काम केले.