खलनायक आणि प्रतिपक्षी

(नवी मुंबईतील कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



दूरचित्रवाणीवरील मालिका हा राजकीय कार्यकर्त्याच्या विचाराचा विषय नव्हे, अशी एक समजूत आहे. संध्याकाळी सातनंतर वस्तीत बैठक घेऊ पाहणाऱ्या कार्यकर्त्याची ती समजूत केव्हाच गळून पडलेली असते. घरोघर रोज पाहिल्या जाणाऱ्या कथा माणसांना केवळ रिझवत नाहीत; भांडण कोणामुळे होते आणि ते मिटते कसे, याचे एक गणितही त्या त्यांच्या मनात पक्के करतात. ते गणित चुकीचे असेल, तर त्याची किंमत चळवळीलाही मोजावी लागते.

प्रथम दोन शब्दांतील फरक ध्यानात घेतला पाहिजे. नायकाच्या वाटेत उभा राहतो तो प्रतिपक्षी. त्याला स्वतःचे हित असते, भय असते, आणि पुष्कळदा त्याच्या म्हणण्यात तथ्यही असते. खलनायकाला यातले काहीच लागत नाही. तो दुष्ट असतो म्हणून दुष्टपणा करतो. खलनायकाचा पाडाव झाला की कथा संपते. प्रतिपक्षी हरला तरी, ज्या परिस्थितीने त्याला समोर उभे केले ती शिल्लकच राहते.

झी मराठीवर २०१६ ते २०२१ या काळात गाजलेल्या ‘माझ्या नवऱ्याची बायको’ या मालिकेचे उदाहरण घेण्याजोगे आहे. नागपूरकडची राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याच्या आयुष्यात आलेली शनाया, असा हा त्रिकोण. शीर्षकातील ‘माझ्या’ हा शब्द नेमका कोणाचा? तो राधिकेचा असू शकतो, तसा शनायाचाही असू शकतो. शीर्षकाने मान्य केलेल्या या दोन बाजू कथेने मात्र मान्य केल्या नाहीत. शनाया आळशी, लोभी आणि कारस्थानी ठरली. परिणामी विवाहाचे वचन ज्याने मोडले त्या पुरुषाच्या वाट्याला उपहास आला आणि रोष मुख्यतः दुसऱ्या स्त्रीच्या वाट्याला गेला. राधिकेने मसाल्यांच्या व्यवसायातून स्वतःच्या पायांवर उभे राहावे, हे उत्तम. परंतु घरातील सत्ता पुरुषाकडे कशी एकवटते, हा प्रश्न खलनायिकेच्या आड दडून राहिला.

हे घडते ते कॅमेऱ्याच्या एका सवयीमुळे. दैनंदिन मालिकेत कॅमेरा खलनायिकेच्या खोलीत शिरतो, तिचे स्वगत ऐकवतो आणि कट शिजताना दाखवतो. प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते. अंधारात असते ती केवळ नायिका. प्रेक्षकाने काही ताडून पाहण्याची, शंका घेण्याची वा मत बदलण्याची गरजच उरत नाही. सर्व पाहिल्याचा हा आभास फसवा असतो, कारण प्रतिपक्षाच्या मनातले जेवढे दुष्ट तेवढेच निवडून दाखवलेले असते.

मर्यादित दृष्टिबिंदूची रीत याउलट आहे. पात्राला जेवढे कळते तेवढेच प्रेक्षकाला कळते. समोरचा माणूस बाहेरूनच दिसतो. त्याचा हेतू त्याच्या कृतीवरून ओळखावा लागतो. यात चूक होण्याचा संभव असतो, आणि तो संभवच प्रेक्षकाला विचार करायला लावतो.

भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका दूरदर्शनने १९८८ मध्ये दाखवली. तिचा आरंभ या रीतीचा नमुना आहे. चामड्याचे काम करणारा नथू एका कंत्राटदाराच्या सांगण्यावरून, चार पैशांसाठी, रात्रभर झटून एक डुक्कर मारतो. ते कशासाठी हवे आहे, हे त्याला ठाऊक नाही. जे सांगितले गेले त्यावर त्याचा विश्वास आहे. पुढे मशिदीच्या दारात मेलेले डुक्कर सापडते आणि शहर पेटते. हत्यार नथूच्या हातात होते, पण त्याला खलनायक म्हणणे कोणालाही शक्य होत नाही. मग दोषी कोण, हा प्रश्न प्रेक्षकाला स्वतःलाच सोडवावा लागतो. ही मालिका लोकांना भडकवील, अशी तक्रार मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ती स्वतः पाहून प्रक्षेपणास परवानगी दिली, आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्याच वर्षी बंदीची मागणी फेटाळली. सामान्य प्रेक्षकाच्या विवेकावर न्यायालयांनी जो विश्वास दाखवला, तो मालिका लिहिणाऱ्यांना अद्याप वाटत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

आता हीच कसोटी या शहराला लावून पाहावी. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि त्या वेळच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची भातशेती नि मिठागरे नव्या शहरासाठी ठरवली गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी लढले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई-दास्तान परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मा झाले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत मिळण्याचे तत्त्व त्या बलिदानातून पुढे आले.

या इतिहासावर उद्या मालिका निघाली, तर तिला एक दुष्ट अधिकारी आणि एक दलाल सहज सापडेल. शेवटच्या भागात ते दोघे तुरुंगात जातील आणि प्रेक्षक समाधानाने झोपी जाईल. परंतु मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहून कोपरखैरण्यात हक्काचे घर मिळवणारा साताऱ्याकडचा माथाडी कामगार या कथेत कोठे बसेल? त्याच्या घराखालची जमीन कोणा आगरी शेतकऱ्याची होती. दोघेही कष्टकरी, दोघेही एकमेकांच्या वाटेत उभे, आणि दोघांपैकी कोणीही खलनायक नाही. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पाहिले तर तो उपरा. कामगाराच्या डोळ्यांनी पाहिले तर गावठाणातला माणूस अडथळा. या दोघांना आमनेसामने आणणारा निर्णय ज्या कचेरीत झाला, ती दोघांच्याही नजरेच्या टप्प्याबाहेर होती.

यावर एक आक्षेप येईल. प्रत्येकाचीच बाजू समजून घ्यायची, तर दोष कोणालाच देता येणार नाही. हा आक्षेप रास्त असला तरी टिकणारा नाही. जासईच्या गोळीबाराची जबाबदारी निश्चित करणे न्यायाला आवश्यकच आहे. मात्र जबाबदारी कृत्यावरून ठरते, स्वभावावरून नव्हे. गोळी झाडण्याचा हुकूम देणारा घरी प्रेमळ पिता असेल; त्याने हुकूम सौम्य होत नाही. उलट, अन्याय करायला राक्षस लागत नाही, नेमून दिलेले काम निमूटपणे करणारी माणसे पुरतात, हे त्यातून अधिक स्पष्ट होते. गांधीजींनी राज्यपद्धती आणि इंग्रज माणूस यांत केलेला भेद याच जातीचा होता, आणि त्यामुळे त्यांचा लढा मवाळ झाला नाही.

चळवळीतील भाषणेही पुष्कळदा मालिकेच्या वळणाने जातात. एक नाव घ्यायचे, त्यावर सारा राग ओतायचा, टाळ्या मिळवायच्या. त्या नावाची बदली होते, नवा माणूस त्याच खुर्चीत बसतो, आणि कार्यकर्त्याला पुन्हा पहिल्यापासून प्रारंभ करावा लागतो. म्हणून वस्तीतल्या पुढच्या बैठकीत एखादा प्रश्न मांडताना तो एकदा समोरच्याच्या जागी उभे राहूनही सांगावा: त्याला काय ठाऊक होते, काय हवे होते, आणि निर्णय खरोखर कोणाच्या हातात होता. कोपरखैरण्याच्या कामगाराला जासईच्या शेतकऱ्याची गोष्ट आणि जासईच्या शेतकऱ्याला कोपरखैरण्याच्या कामगाराची गोष्ट जो सांगू शकेल, त्यालाच या दोघांना एका मोर्चात आणता येईल.